मोठ्या शिकारीसाठी गोळी निवडताना या चुका टाळा

रायफल आणि टेलिस्कोपवर महिनोन् महिने खल करणारा माणूस काडतुसांचा डबा मात्र हाताला येईल तो उचलतो. जनावराला भिडते ती गोळी. बाकीचा सरंजाम तिला तिथवर पोचवण्यापुरता.

डब्यावरचे '१८० ग्रेन' हे गोळीचे वजन, साधारण ११.७ ग्रॅम. दारूचे नव्हे. आणि वजनावरून निम्मेच कळते, उरलेले बांधणीवरून.

फुल मेटल जॅकेट, म्हणजे पूर्ण धातूने मढवलेली लष्करी पद्धतीची गोळी, सरावाला ठीक. शिकारीत ती अंगात शिरल्यावर फुलत (पसरत) नाही, आरपार जाते, मागे बारीक भोक ठेवते. रक्ताचा माग धड मिळत नाही आणि जखमी जनावर कुठेतरी तडफडत राहते. अनेक ठिकाणी कायद्यानेही तिला मनाई आहे. हत्ती किंवा केप म्हशीसाठी न फुलणारी 'सॉलिड' वापरतात, पण ती मुद्दाम दणकट घडवलेली असते. तो दाखला देऊन लष्करी गोळी खपवू नये. मॅचची, म्हणजे नेमबाजी स्पर्धेची, गोळी कागदावर एकाच भोकात बसते म्हणून हरणावरही चालेल, हा तर्क तितकाच लंगडा.

खरी गफलत होते वेगाच्या हिशेबात. डब्यावरचा वेग नळीच्या तोंडाशी मोजलेला असतो. .३०-०६ या काडतुसातून १८० ग्रेनची गोळी सेकंदाला सुमारे २,७०० फुटांनी सुटते. ३०० यार्डांवर तिचा वेग २,१०० च्या आसपास उतरतो. साधी सॉफ्ट पॉइंट (टोकाशी शिसे उघडे असलेली गोळी) त्या वेगाला छान फुलते. तीच गोळी जबरदस्त मॅग्नममधून (जास्त दारूच्या काडतुसातून) ४० यार्डांवरच्या फऱ्याच्या हाडावर घाला, वरच्यावर चुरा होऊ शकतो. १९४६ साली कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात अमेरिकी शिकारी जॉन नोस्लर यांच्या गोळ्या चिखलाने माखलेल्या मूसवर (भल्या मोठ्या हरणावर) अशाच फुटल्या. त्यावरून त्यांनी मधोमध तांब्याचा पडदा असलेली पार्टिशन गोळी घडवली. पुढचा भाग फुटला तरी मागचा आत घुसत राहतो. शिसे जॅकेटला चिकटवलेली बाँडेड गोळी हेच काम वेगळ्या वाटेने करते.

निखळ तांब्याची गोळी तुटत नाही, पण वेग सेकंदाला १,८०० ते २,००० फुटांखाली गेला की बऱ्याचशा उघडायला कुरकुरतात. किमान वेग उत्पादक सांगतो, तो वाचा. तांबे शिशापेक्षा हलके, म्हणून तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते आणि नळीतल्या आट्यांचा पीळ कमी असेल तर डगमगते. शिशाच्या १८० ऐवजी तांब्याची १५० किंवा १६५ घेतली तर बहुधा काही बिघडत नाही.

चूक कुठे झाली ते जनावर सोलताना दिसते. कातडीखाली मांसाचा लगदा आणि फुप्फुसे शाबूत, म्हणजे गोळी लवकर फुटली: जड किंवा बाँडेड घ्या. दोन्ही बाजूंना पेन्सिलीएवढे भोक, म्हणजे ती उघडलीच नाही: मऊ गोळी घ्या, नाहीतर आणखी जवळ जा. दोन्ही वेळा लोक 'कॅलिबर कमी पडला' म्हणतात आणि नवी रायफल घेतात. (दुकानदाराची काय तक्रार असणार!)

गोळी बदलली की रायफल पुन्हा झिरो करा, म्हणजे टेलिस्कोपचा नेम नव्या गोळीशी जुळवून घ्या. वजन तेच असले तरी नव्या डब्यातल्या तीन गोळ्या आधी कागदावर झाडून पाहा. १०० यार्डांवर जुन्या जागेपासून दोन इंच सरकलेल्या दिसल्या तर नवल नाही.