लाकडी धनुष्यासाठी स्वस्त आणि टिकाऊ बाण कसे निवडावेत

बाणांचा भाव विचारण्याआधी दोन मापे कागदावर लिहून ठेवावीत: आपली ओढ (पूर्ण खेचलेल्या दोरीपासून धनुष्याच्या मुठीपर्यंतचे अंतर) किती इंच आहे, आणि त्या ओढीला आपले धनुष्य प्रत्यक्षात किती पौंड जोर देते. धनुष्यावर लिहिलेले पौंड बहुधा 28 इंचांच्या ओढीला मोजलेले असतात. ओढ एका इंचाने कमी-जास्त झाली की मध्यम ताकदीच्या धनुष्यात साधारण 2 ते 3 पौंडांचा फरक पडतो. ओढ ठरवण्यासाठी दोन्ही हात आडवे पसरून बोटाच्या टोकापासून टोकापर्यंतची लांबी इंचांत मोजावी आणि तिला अडीचने भागावे. 68 इंचांचा पसारा असेल, तर ओढ 27 इंचांच्या आसपास येते. हा केवळ प्राथमिक अंदाज आहे. लांब काडी धनुष्यावर चढवून पूर्ण ओढावे आणि मुठीच्या पुढच्या कडेशी सोबत्याने काडीवर खूण करावी, हे माप अधिक भरवशाचे असते. बाणाची लांबी या खुणेपेक्षा किमान एक इंच, आणि नवशिक्याच्या बाबतीत दोन इंच जास्त असावी, कारण सरावाने ओढ वाढते आणि आखूड बाण मुठीच्या आत घसरला तर थेट हातात शिरू शकतो.

यापुढची गोष्ट बहुतेक खरेदीदार विसरतात, आणि माझ्या मते पैसे वाया जाण्याचे सर्वांत मोठे कारण तीच आहे. साध्या लाकडी धनुष्याच्या मुठीत बाणासाठी कापलेली खाच नसते. बाण मुठीच्या कडेला टेकलेला असतो, त्यामुळे दोरी सुटताच त्याचे शेपूट मध्यरेषेकडे जाते आणि टोक बाजूला रोखलेले राहते. तरीही बाण सरळ जातो, कारण तो सुटताना वाकतो, मुठीला वळसा घालतो आणि पुढे हळूहळू स्थिरावतो. हे वाकणे नेमके जमावे लागते. बाणाच्या या ताठपणाला तिरंदाज ‘स्पाइन’ म्हणतात. उजव्या हाताने ओढणाऱ्याचा बाण फार ताठ असेल तर डावीकडे जातो, फार लवचीक असेल तर उजवीकडे जातो, आणि मग तिरंदाज आपल्या हाताला दोष देत बसतो.

लाकडी बाणांचा स्पाइन पौंडांत सांगतात आणि तो घरीही मोजता येतो. 26 इंच, म्हणजे 66 सेंटिमीटर अंतरावर दोन आधार ठेवून त्यांवर काडी आडवी ठेवावी, मधोमध 2 पौंड वजन लटकवावे (स्वयंपाकघरातल्या काट्यावर 907 ग्रॅम भरेल इतके पाणी घातलेली बाटली चालते) आणि काडी मध्यभागी किती मिलिमीटर खाली आली ते पाहावे. 660 ला त्या आकड्याने भागले की स्पाइन मिळतो, 16.5 मिलिमीटर वाकणारी काडी 40 पौंडांची, तर 22 मिलिमीटर वाकणारी 30 पौंडांची समजावी. रुंद मुठीच्या साध्या धनुष्याला त्याच्या प्रत्यक्ष जोरापेक्षा 5 ते 10 पौंड कमी स्पाइनची काडी बहुधा जुळते. बाण 28 इंचांपेक्षा लांब असेल किंवा टोक जड असेल, तर तो अधिक लवचीक वागतो, म्हणून थोडी ताठ काडी घ्यावी. डझनभर बाण एकदम घेण्यापेक्षा तीन वेगवेगळ्या स्पाइनचा एकेक बाण आणून तो आठवडाभर चालवून पाहणे केव्हाही स्वस्त पडते. कार्बनच्या बाणांवरचे आकडे मात्र उलट वाचावे लागतात: तिथे 500 म्हणजे 28 इंचांच्या अंतरावर ठरावीक वजनाखाली अर्धा इंच वाकणारी काडी, आणि आकडा जितका मोठा तितकी काडी लवचीक.

वजनाकडे दुर्लक्ष केले तर नुकसान बाणाचे नाही, धनुष्याचे होते. हलका बाण धनुष्याची ताकद पुरती उचलू शकत नाही. उरलेला जोर धनुष्याच्या पात्यांमध्ये परततो आणि लाकडाला तडे जातात, जवळजवळ रिकामी दोरी सोडल्यासारखेच. लाकडी धनुष्यासाठी दर पौंडामागे 9 ते 10 ग्रेन वजन धरावे. एक ग्रेन म्हणजे सुमारे 0.065 ग्रॅम, म्हणजे 40 पौंडांच्या धनुष्याला साधारण 23 ते 26 ग्रॅमचा पूर्ण बाण हवा, आणि 30 पौंडांच्या धनुष्याला 18 ते 19 ग्रॅमचा. संचातल्या बाणांच्या वजनात अर्ध्या-पाऊण ग्रॅमपेक्षा जास्त फरक नसावा. त्यासाठी सोनाराकडे असतो तसा छोटा डिजिटल काटा पुरेसा आहे.

आता बाण कशाचा घ्यावा, हा प्रश्न. फायबरग्लासचा बाण सर्वांत स्वस्त दिसतो, परंतु त्याचा स्पाइन क्वचितच एकसारखा असतो आणि तुटल्यावर त्याच्या कुसळ्या हातात रुततात. मी तो सुचवणार नाही. ॲल्युमिनियमचा बाण सरळ आणि एकसारखा असतो, मात्र दगडावर आपटला की वाकतो. कार्बनचा बाण चिवट असला तरी लाकडी धनुष्यासाठी बहुधा फार हलका असतो. तो वापरायचाच असेल, तर जड टोक लावून वजन वाढवावे आणि प्रत्येक फेरीआधी काडी हलकेच वाकवून, कान लावून चर-चर आवाज येतो का ते तपासावे, कारण चिरलेला कार्बन दोरी सुटताच फुटतो. स्पर्धेत उतरणाऱ्याने नियम आधी वाचावेत: आंतरराष्ट्रीय लाँगबो (साधे लांब धनुष्य) प्रकारात लाकडी काडी आणि नैसर्गिक पिसेच चालतात, आणि आपल्याकडच्या इंडियन राऊंड या बांबूच्या धनुष्याच्या स्पर्धाप्रकारासाठीही बाण घेण्याआधी चौकशी करावी.

लाकडी काडीत देवदार, पाइन, स्प्रूस असे प्रकार मिळतात, आणि लाकडाच्या जातीपेक्षा रेषा महत्त्वाच्या असतात. काडी प्रकाशात धरून पाहावी. लाकडाच्या रेषा टोकापासून शेपटापर्यंत अखंड धावत असतील तरच ती घ्यावी. हार्डवेअरच्या दुकानातल्या गोल काड्यांमध्ये या रेषा बऱ्याचदा मध्येच तिरप्या होऊन कडेला बाहेर पडतात. अशी काडी सुटताना त्याच जागी चिरते आणि तिचा मागचा अणकुचीदार तुकडा धनुष्य धरणाऱ्या हाताकडे येतो. कितीही स्वस्त असली तरी ती बाजूला ठेवावी. नॉक, म्हणजे दोरीची खाच, वाढीच्या वर्तुळरेषांना आडवी कापावी, नाहीतर दोरीचा धक्का काडी उभी चिरतो.

माझी पसंती बांबूला आहे. पेरांच्या गाठी घासून घेतलेली, पूर्ण पक्व आणि सावलीत वाळवलेली बारीक काडी चिवटपणात लाकडाला मागे टाकते, आणि वाकली तर मंद आचेवर शेकून हाताने सरळ करता येते. बुरुडाकडून कोवळा, ओला बांबू आणला तर तो वाळताना पिळतो, म्हणून हिवाळ्यात तोडलेला, पिष्ट कमी असलेला आणि कीड न लागलेला माल मागावा. बांबूची प्रत्येक काडी वेगळी असते, त्यामुळे तीस-चाळीस काड्या आणून स्पाइन आणि वजनानुसार निवडाव्यात. त्यांतून एक चांगला डझन निघतो. वेळ लागतो, पण पैशांत याहून स्वस्त संच मला माहीत नाही.

पिसे खरीच हवीत. प्लास्टिकची पाती मुठीवर आपटून बाण उडवतात. पीस दबते आणि पुढे निघून जाते. टर्की किंवा बदकासारख्या पाळीव पक्ष्यांची 4 ते 5 इंच पिसे चालतात, मात्र एका बाणावर सगळी एकाच पंखाची असावीत, डाव्या किंवा उजव्या. प्रत्येक पिसाच्या पुढच्या टोकावर बारीक दोरा गुंडाळून त्याला गोंद लावावा, म्हणजे हातावरून जाताना पीस उचकटून चामडी कापत नाही.

लाकडी बाण बहुधा टोकाच्या लगेच मागे मोडतो. म्हणून टोक अशा गोंदाने बसवावे, जो तापवल्यावर सैल होतो, आणि बाण ओढीपेक्षा दोन इंच लांब ठेवावा: मोडलेला भाग कापून, पुन्हा निमुळता करून तेच टोक बसवता येते. काडी आखूड झाल्याने ती थोडी ताठ होईल, तेव्हा दुरुस्त बाण सरावाला वेगळे काढावेत. निशाण्यासाठी जुन्या कपड्यांनी ठासून भरलेले गोणपाट वापरावे. त्यामागे लाकडी फळी नको. बाण काढताना निशाण्याला लागून पकडून सरळ मागे ओढावा. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, वॉर्निशचे दोन हात दिलेले बाणच टिकतात. ते भिंतीला टेकून ठेवू नयेत, आडव्या फळीवर किंवा लटकवून ठेवावेत. दबलेली पिसे किटलीच्या वाफेवर क्षणभर धरली की पुन्हा उभी राहतात.