फुफ्फुसाच्या बीपीची औषधं घरी कशी सांभाळावीत

आमच्या आक्कानं बेळगावजवळच्या खानापुरातल्या एका मेडिकलमध्ये चिठ्ठी पुढं केली. काउंटरवरच्या पोरानं ती वाचली, शेजारच्याकडं बघून हसला आणि म्हणाला, "हे दाजींसाठी का? त्यांनाच पाठवा की." आक्का चिठ्ठी पर्सच्या तळाशी कोंबून परत आली. कुणाला काही बोलली नाही. चार दिवस गोळीविना काढले. पाचव्या दिवशी पाय इतके सुजले की चपलेचा पट्टा लागेना, आणि न्हाणीघरापर्यंत जाताना दोनदा भिंतीला टेकावं लागलं.

गोळी होती सिल्डेनाफिल. लोकांना ती व्हायग्रा म्हणून, पुरुषांच्या लैंगिक दुर्बलतेसाठी माहीत आहे. पण २००५ पासून ती पल्मनरी आर्टेरियल हायपरटेन्शनचंही, म्हणजे फुफ्फुसाच्या बीपीचंही, मान्यताप्राप्त औषध आहे. या आजारात हृदयाकडून फुफ्फुसाकडं जाणाऱ्या रक्तवाहिन्या अरुंद आणि कडक होतात आणि हृदयाची उजवी बाजू ढकलून ढकलून थकते. दंडाला पट्टा बांधून मोजतात तो बीपी वेगळा. तो अगदी नॉर्मल असूनही हा आजार असू शकतो. आणि तो बायकांमध्ये जास्त दिसतो, म्हणून वरचा प्रसंग मला साधा वाटत नाही.

पहिलं काम चिठ्ठीचं. डॉक्टरांना सांगून चिठ्ठीवर आजाराचं नाव लिहून घ्या. मेडिकलवाल्याला मग विचारायला काही उरत नाही. मिलिग्रॅम नीट बघा: या आजारात सिल्डेनाफिल बहुधा २० मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा देतात, त्याच गटातली टॅडालाफिल असेल तर बहुधा ४० मिलिग्रॅम, एकदाच. "वीसची नाही, पन्नासची घ्या आणि तोडून खा," असं कुणी म्हटलं तर घेऊ नका, आधी डॉक्टरांना फोन करा. कंपनी बदलली तर पट्टीवरचं औषधाचं मूळ नाव आणि मिलिग्रॅम चिठ्ठीशी ताडून बघा.

दुसरं काम वेळेचं. तीन वेळची गोळी म्हणजे साधारण सहा ते आठ तासांच्या अंतरानं. आक्काची सकाळी सातला चहाबरोबर, दुपारी दोनला, रात्री नऊला. एखादी चुकली तर आठवल्यावर घ्या, पण पुढची वेळ जवळ आली असेल तर सोडून द्या. दोन एकदम नकोत. श्रावणी सोमवार असो की एकादशी, गोळी पाण्याबरोबर चालते, जेवण लागतंच असं नाही. सुरुवातीला डोकं दुखतं, तोंड लाल होतं, नाक चोंदतं. तेवढ्यावरून गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही, डॉक्टरांना सांगायचं. मात्र अचानक दिसायचं किंवा ऐकू यायचं कमी झालं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. छातीत दुखलं की जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटची (नायट्रेट गटातली) गोळी आपल्याकडं पुष्कळ घरांत असते, शेजारीपाजारी काळजीपोटी लगेच काढून देतात. सिल्डेनाफिल किंवा टॅडालाफिल घेणाऱ्यानं ती घेतली तर बीपी एकदम इतका खाली येतो की जीव जाऊ शकतो. म्हणून एक कार्ड करा: आजार, चालू औषधं आणि "सॉर्बिट्रेट, नायट्रेट देऊ नये". आपल्या भागात ते मराठीतच लिहून भागत नाही. १०८ मधून आलेला माणूस किंवा रात्रपाळीची सिस्टर कन्नड वाचणारी असेल. आक्काची लेक कन्नड शाळेत शिकलेली. तिनं एका बाजूला कन्नडात, दुसऱ्या बाजूला मराठी-इंग्रजीत लिहिलं. कार्ड मोबाईलच्या कव्हरमध्ये आहे. याच आजारावरची रिओसिग्वाट नावाची गोळीही सिल्डेनाफिल किंवा टॅडालाफिलबरोबर चालत नाही. दोन डॉक्टर असतील तर दोघांनाही सगळ्या पट्ट्या दाखवा.

याच आजारावरची बोसेंटान नावाची गोळी चालू असेल तर दर महिन्याला लिव्हरची रक्त तपासणी चुकवायची नाही. साखरेसाठी ग्लिबेनक्लामाइड घेत असाल तर ते आधीच सांगा, ही जोडी लिव्हरला घातक आहे. बोसेंटान किंवा त्याच गटातली अँब्रिसेंटान, मॅसिटेंटान यांतलं काहीही चालू असताना दिवस राहिले तर बाळाला मोठा धोका. बोसेंटानमुळं गर्भनिरोधक गोळ्यांचा भरवसाही कमी होतो. तरुण सून, लेक औषध घेत असेल तर सासूनं किंवा आईनं हे संकोच न करता बोलायला हवं, आणि नवऱ्यालाही सोबत डॉक्टरांकडं न्यावं.

रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाआधी वजन करा आणि कॅलेंडरवर लिहा. दोन-तीन दिवसांत किलो-दीड किलो वाढलं तर ते अंगात साठलेलं पाणी समजा आणि फोन करा. लोणचं, पापड, खारी चटणी कमी. हे आक्काला अजून जड जातं.

साठ्याचं म्हणाल तर पट्टीत पंधरा दिवसांच्या गोळ्या उरल्या की पुढच्या आणायच्या. जांबोटी, कणकुंबीकडं जुलैच्या पावसात रस्ता कधी बंद होईल सांगता येत नाही, आणि ही औषधं प्रत्येक मेडिकलमध्ये नसतातच. बेळगावच्या दुकानाला दोन दिवस आधी फोन करून ठेवा. सौंदत्तीला किंवा पंढरपूरला निघालात तर गोळ्या बसच्या टपावरच्या बॅगेत नकोत, हातातल्या पिशवीत ठेवा, दोन दिवसांच्या जास्तीच्या धरून.