मुळांच्या शाखांची तुलना करताना या चुका टाळा

सर्वांत मोठी चूक म्हणजे सगळ्या वनस्पतींची मुळे एकाच पूर्वजाकडून आली असे गृहीत धरणे. लायकोपोडियम, सिलॅजिनेला आणि आयसोइटिस या बी न धरणाऱ्या वनस्पतींच्या गटात मूळ स्वतंत्रपणे उत्क्रांत झाले आणि नेचे व बीजधारी वनस्पतींच्या वंशात वेगळे, असे जीवाश्मांवरून दिसते. स्कॉटलंडमधील ऱ्हायनीच्या सुमारे 40 कोटी 70 लाख वर्षे जुन्या खडकांत ॲस्टेरोझायलॉन सापडते. लायकोपोडियमच्या या प्राचीन नातेवाइकाच्या जमिनीत शिरणाऱ्या अक्षांना मूलटोपी, म्हणजे मुळाच्या टोकावरचे संरक्षक आवरण, नव्हती. आज दोन्ही वंशांत दिसणारी मूलटोपीसुद्धा, त्यामुळे, दोनदा निर्माण झाली असावी.

म्हणून मुळाला फाटा दिसला की तो कसा फुटला हे आधी तपासावे. लायकोपोडियमच्या गटात मुळाचे वाढते टोकच दुभंगते, तर नेचे व बीजधारी वनस्पतींमध्ये टोक पुढे वाढत राहते आणि उपमूळ त्याच्या मागे, आतल्या ऊतीत जन्म घेऊन बाहेरचे थर भेदत येते. केवळ आकारावर विसंबल्यास पाइनचे झाड हमखास फसवते, कारण बुरशीशी सहजीवन करणाऱ्या त्याच्या आखूड मुळांना बेचकीसारखे फाटे असतात. पण तो लायकोपोडियमचा वारसा नव्हे.

उपमूळ नेहमी परिरंभातून, म्हणजे मुळाच्या वाहिन्यांभोवतीच्या पेशींच्या थरातून, उगवते, हे पाठ केलेले वाक्यही सर्वत्र लागू पडत नाही. नेच्यांत त्याची सुरुवात अंतस्त्वचेतून, म्हणजे परिरंभाच्या लगेच बाहेरच्या थरातून, होते. अरॅबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातील छोट्या वनस्पतीमध्ये ते जलवाहिन्यांसमोरच्या परिरंभातून येते, मका व भातात मात्र रसवाहिन्यांसमोर, आणि तेथे अंतस्त्वचाही त्याच्या घडणीत भाग घेते. मुळाच्या छेदात (सूक्ष्मदर्शकाखाली पाहायच्या पातळ कापात) उपमूळ सापडत नसेल, तर बहुधा छेद टोकाच्या फार जवळचा असतो; तो मागच्या, पक्व भागातून घ्यावा. मुख्य मुळाच्या नेमक्या आडव्या छेदात उपमूळ उभे चिरलेले दिसते.

मूलरोमांना शाखा मोजू नये. ते बाह्यत्वचेच्या एकेका पेशीचे वाढलेले भाग असतात. वडाच्या पारंब्या फांद्यांतून निघतात, तेव्हा त्याही मुळाच्या शाखा नव्हेत.

सह्याद्रीच्या पठारांवरील आयसोइटिसमध्ये दुभंगणारी मुळे पाहता येतात, परंतु पाचगणीवरून नाव मिळालेल्या प्रजातीसारख्या काही प्रजाती प्रदेशनिष्ठ, म्हणजे ठरावीक प्रदेशातच आढळणाऱ्या, असल्याने प्रात्यक्षिकासाठी त्या उपटू नयेत. पावसाळ्यात ओल्या दरडींवर उगवणारी सिलॅजिनेला त्यासाठी पुरेशी आहे.