आपल्याकडच्या थंडीत छोटं विमान उडवायचं तर

डिसेंबर लागला की गोंदियाजवळच्या बिरसी विमानतळावर सकाळच्या सॉर्टीला (उड्डाणाला) येणाऱ्या पोट्ट्यांना मी एकच सांगतो, कॅनडा-अलास्काचे व्हिडिओ पाहून बर्फाचं टेन्शन घेऊ नका, आपल्याकडे घात करते ती ओल. २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात ३.५ डिग्री झालं होतं, म्हणजे पंखावर पांढरा थर क्वचित दिसेलही, हाताला खरखरीत लागला तर तो पूर्ण निघेपर्यंत उडायचं नाही, विषय संपला. पण रोजचं संकट वेगळंच आहे.

पहिलं म्हणजे पेट्रोल. टाकी अर्धी ठेवून विमान रात्रभर उभं राहिलं की आतल्या हवेतली ओल थंड पत्र्यावर जमते न् पाणी तळाशी जाऊन बसते, म्हणून संध्याकाळीच टाकी फुल करा (वजनात बसत असेल तर) आणि सकाळी विमान हलवायच्या आधी सगळ्या ड्रेन पॉइंटमधून (टाकीच्या तळाचं पेट्रोल काढायच्या तोट्या) कपात सॅम्पल काढा. एव्हगॅस १०० एलएल, म्हणजे छोट्या विमानाचं पेट्रोल, निळसर असते, पाणी खाली वेगळं दिसते. पण कपात नुसतंच पाणी आलं तर मधे रेघच दिसत नाही, सगळं स्वच्छ वाटते आणि पोट्टे ओके म्हणून मोकळे होतात! कप उजेडात धरा, निळा रंग पहा, वास घ्या.

स्टार्ट करताना बॅटरी मंदावलेली असते, ऑइल घट्ट असते. प्राइम (स्टार्टआधी इंजिनात थोडं पेट्रोल सोडणं) मॅन्युअलमध्ये लिहिलं तेवढंच, जास्त केलं तर आग लागू शकते. ऑइल प्रेशर साधारण ३० सेकंदात वर नाही आलं तर इंजिन बंद. गरम व्हायला वेळ द्या, घाई नको.

आता कार्बोरेटर, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेत पेट्रोल मिसळणारा भाग, याच्यावर मी जीव तोडून बोलतो कारण बाहेर १५-२० डिग्री आहे म्हणून लोक निवांत राहतात. आत पेट्रोलची वाफ होताना आणि व्हेंच्युरीत (त्याच्या अरुंद गळ्यात) प्रेशर पडताना हवेचं तापमान २० डिग्रीहून जास्त घसरू शकते, ओल असली की तिथंच बर्फ धरतो, आणि पॉवर कमी करून खाली येताना सगळ्यात जास्त. फिक्स्ड पिच प्रोपेलर (पात्यांचा कोन बदलत नाही असा पंखा) असेल तर आरपीएम हळूहळू उतरून राहिला हे पहिलं लक्षण. कार्ब हीट (कार्बोरेटरला गरम हवा देणारा नॉब) पूर्ण ओढा, अर्धी नाही. आरपीएम अजून पडेल, इंजिन खडखडेल, वितळलेलं पाणी आत जाऊन राहिलं म्हणून, तिथं घाबरून हीट बंद करू नका, थोड्या वेळात आरपीएम वर येतो. इंजेक्शनवाल्या इंजिनाला कार्बोरेटरच नाही, त्याच्यासाठी त्याचं मॅन्युअल वाचा.

धुवारीचं (धुक्याचं) म्हणाल तर आपल्या भागात धानाच्या बांध्या, तलाव, नाले, वरून शेकोट्यांचा धूर खालीच दबून राहते. तापमान आणि ड्यू पॉइंटमधे (ज्या तापमानाला हवेतली ओल जमायला लागते) दोन-तीन डिग्रीचाच फरक असला तर थांबा, सूर्य उगवल्यावर धुवारी बरेचदा आधी वाढते न् मग फाटते. वरून सरळ खाली पाहिलं तर रनवे स्पष्ट दिसते, पण फायनलला (उतरायच्या शेवटच्या सरळ टप्प्यात) तिरपं पाहताना तोच गायब होते. व्हीएफआरला (बाहेर डोळ्यांनी पाहून उडायच्या नियमांना) ५ किलोमीटर विझिबिलिटी लागते, ती मोजलेली पाहिजे, अंदाजाची नाही. आणि जिथं उतरायला जाल ते नागपूरही धुवारीत असू शकते, तेव्हा परत फिरण्याइतकं पेट्रोल ठेवा.

शेवटचं, केबिन हीटर. बऱ्याच छोट्या विमानांत तो एक्झॉस्टच्या नळीभोवतीची हवा आत आणते, नळीला चीर असली की कार्बन मोनॉक्साइड आत, त्याला वास नाही. डोकं दुखलं, गुंगी आली तर हीटर बंद, व्हेंट उघडे, लवकर उतरा आणि मेकॅनिकला दाखवल्याशिवाय ते विमान परत उडवू नका. डिटेक्टर बसवून घ्या, थंडीत स्वेटर जाड घाला.