चावी कोणाकडे आहे, हे आधी विचारा

नवी मुंबईतील एका महाविद्यालयात मी इमारत देखभालीचे काम पाहतो. स्थापत्य पदविका घेऊन रुजू झालो, तेव्हा 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमानुसार शैक्षणिक संस्थेची इमारत सुगम्य असावी लागते, एवढे मला ठाऊक होते. मात्र रॅम्प, कठडे आणि ब्रेल पट्ट्या नकाशाप्रमाणे बसल्या की आपले काम संपले, अशीही माझी समजूत होती.

पहिल्याच वर्षी व्हीलचेअर वापरणाऱ्या एका विद्यार्थिनीने तळमजल्यावरील स्वच्छतागृह उघडून मागितले. चावी सफाईच्या मुकादमाकडे होती आणि तो रजेवर होता. कुलूप तोडून पाहिले, तर आत बादल्या, फिनेलचे कॅन आणि एक मोडका बाक रचून ठेवलेला. तपासणीच्या नोंदवहीत त्या खोलीपुढे महिनोन्महिने ‘ठीक’ असा शेरा होता, आणि तो माझ्याच अक्षरात होता. दार बंद असल्याने आतले काहीच बिघडलेले नव्हते, हे खरे.

म्हणून या कामात नव्याने येणाऱ्यांना मी प्रथम स्वच्छतागृहच दाखवतो. तेथे बाहेरून कुलूप असता कामा नये. आतून लागणारी आणि अडचणीच्या वेळी बाहेरून नाण्याने फिरवून उघडता येणारी कडी बसवावी. कमोडशेजारच्या ग्रॅब बारला, म्हणजे आधारासाठी धरायच्या दांड्याला, नुसता हात लावून पुढे जाऊ नये, तर संपूर्ण भार टाकून तो ओढून पाहावा. खाडीकडच्या दमट, खारट हवेत वरचा स्टीलचा दांडा चकचकीत राहतो, पण भिंतीतील बोल्ट गंजून सैल झालेले असतात, आणि पातळ आडभिंतीत ते मुळातच धड पकड घेत नाहीत. आपत्कालीन घंटेची दोरी जमिनीजवळ लोंबती हवी, कारण पडलेल्या माणसाच्या हाताला ती लागली पाहिजे. फरशी पुसताना भिजते म्हणून सफाई कर्मचारी ती वर गुंडाळून ठेवतात. त्यांना रागावून उपयोग होत नाही. दोरी कशासाठी आहे हे एकदा समजावून सांगितल्यावर आमच्याकडे ती पुन्हा कोणी बांधली नाही.

रॅम्पचा उतार 1:12 पेक्षा तीव्र नसावा, म्हणजे 450 मिमी उंचीच्या जोत्यासाठी किमान 5.4 मीटर लांबी लागते. मोजणी सोपी आहे: 1200 मिमी लांबीची पट्टी लेव्हलमध्ये धरावी आणि तिच्या उताराकडच्या टोकाखाली 100 मिमीपेक्षा अधिक अंतर पडते का, ते पाहावे. उतार बरोबर असूनही पावसाळ्यात रॅम्प निकामी होऊ शकतो. पायथ्याचे पेव्हर ब्लॉक खचतात, तेथे दोन-तीन सेंटिमीटरची कड तयार होते आणि व्हीलचेअरची पुढची लहान चाके नेमकी तीत अडकतात. शेवाळ तर ठाणे-नवी मुंबईच्या पावसात काही दिवसांत धरते. जूनपासून आम्ही दर आठवड्याला ते घासून काढतो. दुचाक्या मात्र बाराही महिने हटवाव्या लागतात, आणि त्या बहुधा कर्मचाऱ्यांच्याच असतात.

डोळस माणसाच्या नजरेतून निसटणारे दोष वेगळेच. दृष्टिहीनांना पायाने वा काठीने वाट कळावी म्हणून बसवलेल्या मार्गदर्शक फरशीवरील उभ्या रेषा ‘चालत राहा’ असे सांगतात आणि गोल उंचवटे ‘थांबा, पुढे बदल आहे’ असे सुचवतात. आमच्या गवंड्याने फुटलेल्या रेषांच्या फरशीच्या जागी उंचवट्यांची फरशी बसवली आणि सपाट मार्गिकेच्या मध्यावर विनाकारण थांबा निर्माण झाला. लिफ्टचे पॅनेल बदलल्यावर ब्रेल पट्टी उलटी चिकटवली गेली होती, तर मजला सांगणारा आवाज शेजारच्या कार्यालयाला त्रास होतो म्हणून कोणीतरी परस्पर बंद केला होता. हे तिन्ही दोष एका दृष्टिहीन विद्यार्थ्याने दाखवून दिले. त्याआधी लिफ्टच्या कामाच्या बिलावर माझी सही होऊन गेली होती.

तेव्हापासून लिफ्ट, फरशी किंवा स्वच्छतागृहाच्या दुरुस्तीचे बिल ती सुविधा वापरणाऱ्या विद्यार्थ्याने पाहणी केल्याशिवाय मी पुढे पाठवत नाही. कंत्राटदार कुरकुर करतात, लेखा विभाग उशिराचे कारण विचारतो. त्यासाठी निविदेच्या अटींमध्येच या पाहणीचे कलम घालून घेतले आहे.