हिमोफिलियात सांध्याचं ऑपरेशन: या चुका टाळा

हिमोफिलियात रक्त गोठवणारं ‘फॅक्टर’ नावाचं प्रथिन कमी असतं, त्यामुळे रक्तस्राव लवकर थांबत नाही. हा आजार आहे म्हणजे गुडघ्याचं ऑपरेशन होणारच नाही, असं आजही कित्येक घरांत धरून चालतात. तयारी पक्की असेल तर ते होतं, आणि वर्षानुवर्षं वाकडा राहिलेला पाय टेकवून माणूस चालू लागतो. बिघडतं ते बहुधा ऑपरेशनच्या आधीच्या तयारीत, नाहीतर घरी आल्यावर.

सांधा पार झिजेपर्यंत थांबणं

सांध्यात रक्त उतरलं की त्यातलं लोह आतल्या अस्तरात साचतं. अस्तर सुजतं, जाड होतं, त्यात नाजूक नव्या रक्तवाहिन्या फुटतात आणि त्यांतूनच पुढचा रक्तस्राव होतो. सहा महिन्यांत एकाच सांध्यात आपोआप तीन वेळा रक्तस्राव झाला, तर डॉक्टर त्याला ‘टार्गेट जॉइंट’ म्हणतात. नेमकी हीच वेळ हातची जाते. मालिश होते, हाडवैद्याकडे पाय ओढून घेतला जातो. या टप्प्यावर नियमित फॅक्टर आणि व्यायामाने भागलं नाही, तर सुजलेलं अस्तर आवळण्यासाठी सांध्यात इट्रियम-90 सारखं किरणोत्सारी औषध किंवा रिफॅम्पिसिन टोचता येतं. दुर्बिणीतून अस्तर काढताही येतं. मात्र झिजलेली कूर्चा यातल्या कशानेही परत येत नाही. हाडाला हाड घासू लागलं की गुडघा किंवा खुबा बदलणं, घोट्याचा सांधा जखडणं (हाडं जोडून कायमचा स्थिर करणं), कोपरात रेडियस हाडाचं डोकं काढणं हेच मार्ग उरतात. घोटा जखडायचा म्हटलं की लोक बिचकतात, पण सततची ठणक थांबवण्यासाठी तो जुना, भरवशाचा उपाय आहे.

इनहिबिटरच्या जुन्या रिपोर्टवर विसंबणं

“मागच्या वर्षी तपासलं होतं, निगेटिव्ह आलं” हे पुरेसं नाही. इनहिबिटर म्हणजे दिलेल्या फॅक्टरला निकामी करणारी प्रतिद्रव्यं. ती मधल्या काळात तयार झालेली असू शकतात, म्हणून चाचणी ऑपरेशनच्या अगदी आधी पुन्हा करावी लागते. मुंबईत परळला केईएमच्या आवारातल्या राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेसारख्या ठिकाणी हे काम होतं. इनहिबिटर जास्त प्रमाणात निघाला तर फॅक्टर 8 (हिमोफिलिया ए मध्ये कमी असलेला फॅक्टर) कितीही ओतला तरी उपयोग नाही. तिथे इनहिबिटरला वळसा घालून रक्त गोठवणारी फॅक्टर 7ए किंवा एपीसीसी ही औषधं लागतात, खर्च अनेक पटींनी वाढतो आणि सगळं नियोजन नव्याने मांडावं लागतं.

एमिसिझुमॅब (फॅक्टर 8 चं काम करणारं, कातडीखाली टोचायचं औषध) घेणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट भूलतज्ज्ञांना आवर्जून सांगावी. या औषधामुळे एपीटीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ मोजणारी चाचणी) नॉर्मल दिसतो, नेहमीच्या पद्धतीने मोजलेली फॅक्टर 8 ची पातळीही फसवी येते. रिपोर्ट चांगला आला म्हणून मोठ्या ऑपरेशनला फॅक्टर न देणं धोक्याचं आहे. या औषधासोबत एपीसीसी जास्त मात्रेत दिलं, तर रक्तवाहिन्यांत गुठळ्या होण्याचा धोका असतो. हा निर्णय हिमॅटॉलॉजिस्टशिवाय (रक्तविकारतज्ज्ञाशिवाय) कुणी घेऊ नये.

“फॅक्टर लागला तर मागवू”

हे वाक्य ऐकलंत तर तारीख पुढे ढकला, असं माझं स्पष्ट मत आहे.

हिशेब करून पाहा. किलोमागे एक युनिट फॅक्टर 8 दिला की रक्तातली पातळी साधारण दोन टक्क्यांनी चढते. 60 किलोच्या, इनहिबिटर नसलेल्या माणसाची पातळी शून्याजवळून 100 टक्क्यांवर न्यायला 3000 युनिट लागतात, म्हणजे 500 च्या सहा बाटल्या. आठ ते बारा तासांत ती निम्म्यावर येते, म्हणून लगेच पुढचा डोस. पहिले तीन दिवस 60 ते 80 टक्के, मग हळूहळू कमी करत दोन आठवडे. बेरीज 30,000 युनिटच्या पुढे सहज जाते. साठा मर्यादित असलेल्या ठिकाणांसाठी जागतिक हिमोफिलिया महासंघाने याहून कमी पातळ्याही सुचवल्या आहेत, पण त्या आधी ठरवायच्या असतात, बाटल्या संपल्यावर नाही. सरकारी रुग्णालयात फॅक्टर मोफत मिळत असला तरी एवढा साठा रुग्णाच्या नावाने आधीच बाजूला काढून ठेवायला सांगा. हिमोफिलिया बी असेल तर फॅक्टर 9 लागतो. त्याच्या एका युनिटने पातळी जेमतेम एक टक्का चढते, मात्र तो निम्म्यावर यायला 18 ते 24 तास लागतात.

पहिल्या डोसनंतर, चिरा देण्याआधी, पातळी मोजून घ्यायलाच हवी. कागदावरचा हिशेब प्रत्येकाच्या शरीरात तसाच उतरत नाही. ऑपरेशन आठवड्याच्या सुरुवातीला, सकाळी ठेवा, म्हणजे लॅब आणि रक्तपेढी हाताशी असते.

दुखतंय म्हणून मिळेल ती गोळी

अ‍ॅस्पिरिन, डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन नकोच. पॅरासिटामॉल चालतं, त्याहून जोरकस औषध डॉक्टर ठरवतील. कमरेत, म्हणजे स्नायूत, इंजेक्शन घेऊ नका.

घरी आल्यावर गुडघ्याखाली उशी

ही चूक मायेपोटी होते. उशी ठेवली की रुग्णाला बरं वाटतं, म्हणून आई किंवा बायको ती रात्रभर तशीच राहू देते. वर्षानुवर्षं वाकून आखडलेल्या मांडीमागच्या कंडरा आणि स्नायू लगेच जुनी जागा धरतात आणि नवा गुडघा वाकलेलाच बसतो. उशी ठेवायचीच तर टाचेखाली ठेवा, गुडघा वर अधांतरी राहू दे. फिजिओथेरपीची सवय ऑपरेशनच्या काही आठवडे आधीच लावून घ्यावी. नंतरचा व्यायाम आधी फॅक्टर घेऊन, मगच. टाके काढतानाही फॅक्टरचं संरक्षण असावं.

स्वतः फॅक्टर टोचून घेताना हात साबणाने धुवा, कातडी स्पिरिटने पुसा. शिरेतून शिरलेले जंतू कृत्रिम सांध्यात जाऊन बसतात, आणि हा संसर्ग काही वर्षांनीही होऊ शकतो. ताप, जखमेतून पाझर किंवा सांधा गरम लागला तर घरातल्या अँटिबायोटिकवर दिवस काढू नका, ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवा. सौम्य किंवा मध्यम हिमोफिलिया असलेल्यांनी ऑपरेशननंतर चार ते बारा आठवड्यांत इनहिबिटरची चाचणी पुन्हा करून घ्यावी, कारण एवढा फॅक्टर एकदम शरीरात गेल्यावरच इनहिबिटर पहिल्यांदा निघण्याची शक्यता असते.