अ‍ॅबोरिजिनल संस्कृतीची शाळेची सहल: या चुका टाळा

सिडनीतल्या प्राथमिक शाळेत शिकवते. दरवर्षी मे महिन्यात कुणीतरी नवी शिक्षिका धापा टाकत येते. "नायडॉक वीक जुलैत, तेव्हा तर सुट्टी! त्याआधी पटकन एखादी सहल उरकू या का?" (नायडॉक वीक म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या मूळ रहिवाशांच्या संस्कृतीचा आठवडा; अ‍ॅबोरिजिनल म्हणजे त्यांच्यातलेच.) हे 'पटकन' आणि 'उरकू' ऐकलं की माझं डोकं फिरतं. चांगले अ‍ॅबोरिजिनल मार्गदर्शक त्या दिवसांत मोकळे नसतात. मी त्यांना फेब्रुवारीतच विचारते आणि तारीख त्यांची घेते, आमची नाही.

सगळ्यात मोठी चूक वेळेची, आणि ती मी स्वतः केलेली आहे. कु-रिंग-गाय चेस उद्यानात वेस्ट हेडजवळ, बेसिन ट्रॅकवर, सपाट सँडस्टोनवर वॉलबी (छोटे कांगारू), मासे, माणसं कोरलेली आहेत. खाचा उथळ आहेत. ऊन तिरपं असलं की सावलीनं रेघ उठून दिसते, सूर्य डोक्यावर आला की नुसता कातळ. कोकणातली कातळशिल्पं पाहिलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. आम्ही हजेरी, डबे, टोप्या असं करत पोचलो भर बाराला. "मिस, कुठाय?" साठ पोरांचा एकच प्रश्न. मदतीला आलेल्या एका बाबांना कणव आली. त्यांनी खिशातून खडू काढला आणि वॉलबीची शेपटी गिरवायला घेतली. सोबतच्या वयस्कर मार्गदर्शक बाई शांतपणे गेल्या, त्यांच्या हातातला खडू काढून घेतला आणि मुलांना खाली बसवलं. मिनिटभर काही बोलल्याच नाहीत. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. शिवाय इथे, न्यू साउथ वेल्स राज्यात, 1974च्या कायद्यानं अशा कोरीवकामाला इजा करणं गुन्हा आहे. तेव्हापासून बस साडेसातला निघते. उशीर करणाऱ्यांसाठी थांबत नाही, मग आईबाप काही म्हणोत. खडकावर पाय नाही, दप्तर नाही, आणि पालकांचे खिसे मी चक्क तपासते.

दुसरी चूक, सगळ्यांना एकाच माळेत ओवणं. 1788 साली या खंडात अडीचशेहून जास्त भाषा होत्या. तरी सहलीनंतर वर्गात काय, तर ठिपक्यांची चित्रं! ती अ‍ॅक्रिलिकची शैली 1971च्या सुमारास पापुन्या या वस्तीत, मध्य ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात रुजली. डिजेरिडू हे फुंकून वाजवायचं वाद्य मूळचं उत्तरेचं. सिडनी शहराची भूमी गाडिगल लोकांची. त्यांचं काय शिकलात, ते सांगा. मी मुलांना एकच काम देते: इथल्या भाषेतला एक शब्द नीट उच्चारून घरी सांगायचा.

'वेलकम टू कंट्री', म्हणजे आपल्या भूमीवर पाहुण्यांचं स्वागत, स्वतः म्हणू नका. तो मान त्या भूमीच्या लोकांचा. आपण करायचं ते 'अ‍ॅक्नॉलेजमेंट', म्हणजे ही भूमी कुणाची ते आदरानं सांगणं.

ज्येष्ठांना आंटी, अंकल म्हणतात. आपल्याकडे 'आंटी' म्हटलं की बाई भडकते, इथे तो मान आहे; पण त्यांनी सांगितल्याशिवाय आपण होऊन चिकटवू नका.

फोटो विचारून. मानधन आधी ठरवून, आणि वेळेवर. 'मुलांसाठीच तर आहे' म्हणून घासाघीस करणाऱ्यांना मी पुन्हा सहलीला नेत नाही.

आणि वॉरिगल ग्रीन्सची (पालकासारखी इथली रानभाजी) पानं कच्ची चघळू देऊ नका. आधी उकळत्या पाण्यातून काढायची, ते पाणी ओतून द्यायचं.